हसून झाल्यावर काय उरतं? : निवडणूक, विनोद आणि विक्री

(चामोर्शी येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कळला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला फोन केला. म्हणाला, ‘‘सर, तुम्ही आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवले. आता म्हातारपणी निवडणुकीतल्या चुटक्यांवर बोलणार?’’ आम्ही म्हणालो, बाबा रे, तत्त्वज्ञानाचा जन्म अथेन्सच्या बाजारपेठेत झाला, आणि त्या बाजारात मतंही विकली जात होती, विनोदही विकले जात होते. तेव्हा विषय आमच्या घरचाच आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. शब्द आहे ‘झाडी’. आपण स्वतःला झाडीपट्टीचे म्हणवतो. आपली बोली झाडीबोली. आपली रंगभूमी झाडीपट्टी रंगभूमी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा वैनगंगेच्या अंगाखांद्यावरचा सगळा प्रदेश म्हणजे झाडी. हा शब्द आपल्यासाठी पत्ता आहे, ओळख आहे. पण २०२२ च्या जून महिन्यात हाच शब्द सगळ्या महाराष्ट्रात अचानक दुमदुमला, तो वेगळ्याच कारणाने. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे त्यांचे उद्गार घराघरांत पोहोचले. गाणी झाली, रिंगटोन झाले, लग्नाच्या वरातीत ते वाजलं. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोला. त्या माणसाच्या बोलण्यात माणदेशी गोडवा होता, आणि तो गोडवा अस्सल होता.

आता आठवून पाहा. त्या दिवसांत महाराष्ट्रापुढे प्रश्न काय होता? लोकांनी निवडून दिलेले आमदार दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात का बसले आहेत? पक्षांतरबंदीचा कायदा काय सांगतो? सरकार पडणार की राहणार, आणि ते कुणी ठरवायचं? हे प्रश्न गंभीर होते, उत्तर कुठल्याही बाजूचं असो. आणि त्याच आठवड्यात उभा महाराष्ट्र झाडी, डोंगार आणि हाटील यांच्यावर हसत होता. कुणी कट केला असं आम्ही म्हणत नाही. फोनवर सहज बोललेलं वाक्य होतं ते. आमचं म्हणणं एवढंच की हसण्याने प्रश्नाची जागा घेतली, आणि ती घेतल्याचं कुणाला कळलंही नाही. आज आपण बोलणार आहोत ते या जागा घेण्याबद्दल.

जुन्या लोकांनी काय सांगितलं

आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. ओठांच्या कोपऱ्यातल्या हसण्यापासून डोळ्यांत पाणी येऊन अंग गदागदा हलण्यापर्यंत. भरतांनी ते माणसाच्या उत्तम, मध्यम, अधम प्रकृतीला जोडले. ही वर्गवारी आम्हाला आज पूर्ण पटत नाही. आमच्या मते गदागदा हसणारा शेतकरी अधम नाही, आणि ओठातल्या ओठात हसणारा मुत्सद्दी उत्तम नाही. पण भरतांना एक गोष्ट कळली होती. हसणं एकच एक नसतं. कोण हसतो, कशाला हसतो, यावर त्याची जात ठरते.

ग्रीकांकडे जाऊ. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात गॉर्जियासचा एक सल्ला नोंदवला आहे. प्रतिस्पर्ध्याच्या गांभीर्याला हसण्याने मारा, आणि त्याच्या हसण्याला गांभीर्याने मारा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या कुठल्याही प्रचारप्रमुखाच्या भिंतीवर चौकटीत लावून ठेवावा असा आहे. यात सत्याचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या. मारण्याचा उल्लेख आहे.

पण आम्हाला आज जास्त उपयोगी पडतो तो प्लेटो. ‘फिलेबस’ या संवादात तो विचारतो, माणूस हास्यास्पद कधी होतो? स्वतःबद्दल अज्ञान असलं म्हणजे. स्वतःला आहे त्यापेक्षा श्रीमंत, देखणा, शहाणा समजला म्हणजे. पुढे तो एक भेद करतो. असं अज्ञान दुबळ्या माणसात असलं तर ते हास्यास्पद. बलवान माणसात असलं तर ते हास्यास्पद नसतं, भयंकर असतं. कारण बलवानाचं अज्ञान दुसऱ्याला इजा करू शकतं.

हा भेद मनात धरून ठेवा, मंडळी. निवडणुकीतला विनोद तपासायला याहून चांगली चाळणी आम्हाला सापडलेली नाही. जे भयंकर आहे त्याला आपण नुसतं हसायला लागलो की ते निरुपद्रवी वाटू लागतं. आणि जो दुबळा आहे त्याला हसायला लागलो की त्याचं म्हणणं ऐकूच येईनासं होतं. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

दुकान मांडलं ते अमेरिकेत

विनोद जुना आहे. त्याला विक्रीच्या शास्त्राची जोड मिळाली ती अमेरिकेत, टीव्ही आल्यावर.

१९५२ साली आयझेनहॉवर अध्यक्षपदाला उभे होते. महायुद्ध जिंकलेला सेनापती. त्यांच्या प्रचाराच्या छोट्या छोट्या टीव्ही-जाहिराती रॉसर रीव्हज या जाहिरात-तज्ज्ञाने केल्या. ॲनासिनची गोळी खपवण्यात नाव कमावलेला हा माणूस. त्या जाहिरातींत एखादी गृहिणी, एखादा कामगार प्रश्न विचारतो आणि सेनापती थेट उत्तर देतात. दिसायला केवढी लोकशाही! प्रत्यक्षात झालं असं की आयझेनहॉवर यांची उत्तरं आधी एका दिवसात चित्रित करून घेतली गेली, आणि प्रश्न विचारणारी माणसं नंतर गोळा करून त्यांच्याकडून प्रश्न वाचून घेतले. उत्तर आधी, प्रश्न नंतर. आम्ही वर्गात सांगायचो की प्रश्न हा विचाराचा बाप असतो. इथे बापालाच मुलाच्या मापाने शिवून घेतलं होतं.

त्याच निवडणुकीत ‘आय लाइक आइक’ हे जाहिरातगीत डिस्नेच्या कलावंतांनी चितारलेल्या व्यंगचित्रपटात वाजत होतं. मिरवणूक, हत्ती, ढोल, आणि सोपी चाल. पडलेले उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन स्वतः हजरजबाबी आणि विनोदी होते. पण त्यांचा विनोद शिकलेल्याचा, समोरच्याला विचार करायला लावणारा. १९५६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांनी जाहीरपणे म्हटलं की सर्वोच्च पदाचे उमेदवार सकाळच्या नाश्त्याच्या धान्यासारखे विकता येतात ही कल्पना लोकशाहीचा शेवटचा अपमान आहे. लोकांनी ऐकलं आणि पुन्हा आयझेनहॉवर यांना निवडून दिलं.

१९६८ मध्ये रिचर्ड निक्सन, ज्यांना कुणी कधी खळखळून हसताना पाहिलं नसेल, ते ‘लाफ-इन’ या धमाल विनोदी कार्यक्रमात काही सेकंदांसाठी आले, त्या कार्यक्रमाचं गाजलेलं पालुपद म्हणाले आणि गेले. त्या वर्षी दोन मुख्य उमेदवारांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. त्या काही सेकंदांनी निवडणूक जिंकली असं सिद्ध करता येणार नाही. पण करड्या माणसालाही हसरं वेष्टन चढवता येतं, हे सगळ्यांना कळलं.

आणि मग १९८४. हे साल म्हणजे आमच्या विषयाचं पाठ्यपुस्तक. एका बर्गर-कंपनीची जाहिरात तेव्हा गाजत होती. एक आजीबाई भलामोठा पाव उघडून पाहते, आत मांसाचा तुकडा इवलासा, आणि ती ओरडते, ‘यात मांस कुठंय?’ वॉल्टर मॉन्डेल यांनी मार्चमधल्या एका वादसभेत आपल्याच पक्षातल्या गॅरी हार्ट यांच्या ‘नव्या कल्पनां’वर हेच वाक्य टाकलं. सभा हसली, हार्ट मागे पडले. विनोद बर्गरवाल्याचा, जाहिरात त्याची, फायदा मॉन्डेल यांचा. पण मंडळी, इथे न्यायाने एक गोष्ट म्हटली पाहिजे. ते वाक्य विनोदी असलं तरी तो प्रश्न होता. तुमच्या कल्पनांच्या आत काय आहे, दाखवा. हार्ट यांना उत्तर देण्याची सोय होती.

आता ऑक्टोबरमधला दुसरा प्रसंग पाहा. रोनाल्ड रेगन ७३ वर्षांचे. पहिल्या वादसभेत ते अडखळले होते. वयाचा प्रश्न रास्त होता, कारण अण्वस्त्रांची कळ त्यांच्या हाती होती. दुसऱ्या सभेत पत्रकाराने विचारलंच. रेगन गंभीर चेहऱ्याने म्हणाले की मी या निवडणुकीत वयाचा मुद्दा करणार नाही, माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय गैरफायदा घेणार नाही. सगळे हसले. मॉन्डेल स्वतः हसले. ५६ वर्षांचा माणूस तरुण ठरला, आणि वयाचा प्रश्न त्या हशात बुडाला. मॉन्डेल पुढे ५० पैकी ४९ राज्यांत हरले.

दोन्ही विनोद उत्तम. पण पहिल्याने एक प्रश्न उघडला, दुसऱ्याने एक प्रश्न बंद केला. रेगन यांना हजरजबाबीपणाचे पैकीच्या पैकी गुण द्या. उत्तराचे मात्र शून्य, कारण उत्तर दिलंच नव्हतं.

आपल्या घरात

अमेरिकेवर बोट ठेवून आपण मोकळे होणार नाही. आपल्या महाराष्ट्रात विनोदाने राजकारण हलवल्याची परंपरा मोठी आहे.

आचार्य अत्रे घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी ‘मराठा’ दैनिक काढलं. १९५७ च्या निवडणुकीत ते स्वतः आमदार झाले. त्यांचा विनोद हत्तीच्या पायाचा. ‘गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही’ म्हटलं की सभा आडवी. पण त्या विनोदामागे मागणी होती, आणि ती कुठल्याही पोराला सांगता येत होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. हसून झाल्यावर ती मागणी तिथेच उभी राहायची. शिवाय तो विनोद दिल्लीकडे, सत्तेकडे तोंड करून होता. अत्र्यांच्या लेखणीने पुष्कळदा पातळी सोडली, माणसांना जिव्हारी लागेल असं लिहिलं, हेही लपवायचं कारण नाही.

मात्र आपण विदर्भातले लोक एक गोष्ट विसरतो. १९५७ मध्ये समितीने पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई हलवली, पण विदर्भाने काँग्रेसला हात दिला आणि द्वैभाषिकाचं सरकार टिकलं. आपला हा चांदा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून त्या द्वैभाषिकात आला होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. म्हणजे इथल्या माणसाच्या मनात प्रश्नच वेगळा होता. दादरला ज्यावर हशा पिकत होता ते चामोर्शीला विनोदी वाटायचं काही कारण नव्हतं. विनोदाला प्रश्नाची जमीन लागते. जमीन नसली की उत्तमातला उत्तम विनोदही उगवत नाही.

दुसरं उदाहरण ‘मार्मिक’चं. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी हे व्यंगचित्र-साप्ताहिक सुरू केलं. पहिल्या अंकाचं प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. ज्याच्यावर कुंचला चालायचा त्याच्याच हातून प्रकाशन, हा काळ किती दिलदार होता पाहा. बाळासाहेबांची रेषा अव्वल दर्जाची, त्यात वाद नाही. पण पुढे त्याच ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात दाक्षिणात्य नोकरदारांच्या नावांच्या याद्या आल्या, आणि मग लुंगीची टर उडवणारी घोषणा रस्त्यावर आली. मराठी तरुणाला नोकरी का मिळत नाही, हा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर भांडवलात, शिक्षणात, सरकारी धोरणात शोधावं लागलं असतं. विनोदाने ते शोधण्याचे कष्ट वाचवले आणि एक वस्त्र दाखवलं. बर्गसाँ म्हणतो की हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर करावं लागतं. इथे ते क्षणापुरतं राहिलं नाही.

तिसरं उदाहरण पु. ल. देशपांडे यांचं. १९७७. आणीबाणीनंतरची निवडणूक. एरवी राजकीय व्यासपीठापासून चार हात लांब राहणारे पुलं जनता पक्षासाठी गावोगाव बोलले. आम्ही तेव्हा सत्ताविशीत होतो. वर्तमानपत्रांत आलेली ती भाषणं आम्ही चहाच्या टपरीवर एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचो. एकोणीस महिने देश बोलायला घाबरत होता. अशा वेळी हसणं म्हणजे भीती सोडणं होतं. निवडणूक झाली, पुलं आपल्या कामाला परत गेले, पद घेतलं नाही. विनोद विकला नाही, उसना दिला आणि परत नेला, असं आम्ही म्हणू.

याच पुलंना १९९६ मध्ये पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी ‘ठोकशाही’बद्दल खंत व्यक्त केली तेव्हा बाळासाहेबांनी ‘मोडका पूल’ अशी कोटी केली. दोन विनोदकार समोरासमोर. एकाने प्रश्न मांडला, दुसऱ्याने नावावर कोटी केली. आज लोकांना कोटी आठवते. प्रश्न काय होता ते विचारून पाहा.

अलीकडची बाजारपेठ

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपच्या जाहिरातीतलं ‘कुठे नेऊन ठेवला महाराष्ट्र माझा’ हे वाक्य आलं. दोन दिवसांत ते पोरासोरांच्या तोंडी. डब्यात भाजी कमी, ‘कुठे नेऊन ठेवला’. एसटी उशिरा, ‘कुठे नेऊन ठेवला’. वाक्य प्रश्नाचं होतं. पण इतक्या ठिकाणी वापरलं गेलं की त्यातला प्रश्न झिजून गेला आणि नुसती चाल उरली. नंतर विरोधकांनी तेच वाक्य त्याच पक्षावर उलटवलं. आजीबाईंच्या पावाचीच गोष्ट.

२०१९ मध्ये देवेंद्र फडणवीस यांचं ‘मी पुन्हा येईन’. आत्मविश्वासाने म्हटलेलं वाक्य निकालानंतर चेष्टेचं झालं, पहाटेच्या शपथविधीनंतर तर फारच. २०२२ मध्ये ते उपमुख्यमंत्री होऊन आले, डिसेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री होऊन आले, आणि चेष्टेचं वाक्य विजयाचं झालं. पाच वर्षं आपण एका वाक्यावर हसलो, मग टाळ्या वाजवल्या. या सगळ्यात ‘येऊन काय करणार?’ हे किती जणांनी विचारलं?

उलट बाजूचंही बोलू, नाहीतर तुम्ही म्हणाल सर एका पक्षाचे. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ची घोषणा दिली. यमक झकास. पण तो आरोप होता, आणि आरोपाला पुरावा लागतो. यमकात बसवला की पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. आरोप खरा असला तर तो प्लेटोच्या अर्थाने भयंकर आहे, त्याची तड लागायला हवी. खोटा असला तर तो अन्याय आहे. गाणं म्हणून नाचण्यासारखा तो कुठल्याच बाजूने नाही.

आणि राज ठाकरे यांचं २०१९ चं ‘लाव रे तो व्हिडिओ’. आमच्या मते अलीकडच्या प्रचारातला हा सगळ्यात लक्षणीय प्रयोग. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार लोकसभेला उभा नव्हता. ते सभेत सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणं, जाहिराती पडद्यावर दाखवायचे आणि त्यासमोर आजची परिस्थिती ठेवायचे. हसू यायचं ते विसंगतीमुळे, आणि विसंगती पुराव्यासकट समोर असायची. विनोद म्हणून तो बरोबर जातीचा. पण निकाल काय? महाराष्ट्रात ४८ पैकी ४१ जागा युतीला. काँग्रेसला अख्ख्या राज्यात एकच जागा, तीही आपल्या शेजारच्या चंद्रपूरची. लोक सभेला आले, हसले, आणि मत दुसऱ्याला देऊन आले. तिकडे शहाजीबापूंनाही २०२४ मध्ये सांगोल्याच्या लोकांनी घरी बसवलं. म्हणजे मतदार विनोदाला मत देतो असं नाही. मतदाराला कमी लेखू नका.

मग धोका कुठे आहे? निकालात कमी, चर्चेत जास्त. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. आपल्या राज्यात लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पत्रकं, गाड्या, मंडप, सगळ्याचा हिशोब द्यावा लागतो. पण तुम्ही रात्री अंथरुणावर पडून जो चुटका दहा गटांत पुढे पाठवता त्याचं बिल कुणी लावत नाही. प्रचाराचं काम तुम्ही फुकट केलेलं असतं, आणि वर आपली करमणूक झाली म्हणून खूशही असता. जुन्या काळी विदूषक राजाच्या पदरी असायचा. आता आपण सगळेच बिनपगारी विदूषक झालो आहोत, आणि राजा कोण ते निवडणुकीनंतर ठरतं.

गडचिरोली हाच विनोद

आता आपल्या जखमेकडे येतो.

महाराष्ट्राच्या राजकारणात एक विनोद वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. ‘गडचिरोलीला पाठवीन.’ सभेत नेता अधिकाऱ्याला म्हणतो, सिनेमात साहेब हवालदाराला म्हणतो, आणि लोक हसतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला आपला जिल्हा राज्याच्या डोक्यात शिक्षेचं ठिकाण म्हणून बसला. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना त्यांनी इथलं पालकमंत्रिपद मागून घेतलं, पुढे इतर मोठ्या नेत्यांनीही घेतलं, २०२५ मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवलं. हे चांगलं झालं. पण विनोद मेला नाही.

ज्यांना शिक्षा म्हणून इथे पाठवायचं, त्यांच्याकडून आमच्या पोरांनी शिकायचं, आमच्या बायकांनी बाळंतपण करून घ्यायचं. असा त्या विनोदाचा अर्थ होतो. यात हसण्यासारखं काय आहे? प्लेटोच्या चाळणीतून काढा. राज्यकर्त्याचं अज्ञान हे बलवानाचं अज्ञान. ते भयंकर. पण हसं होतं ते आपलं.

आणि आकडा ऐका. २०२४ च्या लोकसभेला पहिल्या टप्प्यात पूर्व विदर्भातल्या पाच मतदारसंघांत मतदान झालं. सगळ्यात जास्त मतदान गडचिरोली-चिमूरमध्ये, ७० टक्क्यांच्या वर. नागपूर ५४ च्या आसपास. आपल्याकडे नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी तीनलाच संपतं. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने न्यावे लागतात. बहिष्काराची पत्रकं झाडांना लागलेली लोकांनी पाहिलेली आहेत. तरी माणसं पहाटे घर सोडतात, नाले ओलांडतात आणि रांगेत उभी राहतात. या रांगेतल्या माणसाला चुटका देऊन परत पाठवायचं, हा आम्हाला त्याचा अपमान वाटतो.

आपल्याकडे विनोदाची वाण नाही, हे मुंबईपुण्याला माहीत नसेल. आपली दंडार आहे, खडी गंमत आहे, मंडईला आणि शंकरपटाला रात्रभर चालणारी नाटकं आहेत. वडशाहून निघालेल्या मंडळ्या चार महिने गावोगाव फिरतात. ज्यांना लोक ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणतात त्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या रंगभूमीवरचा विनोदी नट पुढच्या रांगेत बसलेल्या सरपंचाला, पाटलाला, गुरुजीला सोडत नाही. आम्हालाही सोडलेलं नाही. मात्र गावातला नट असला तर सकाळी त्याला त्याच सरपंचाच्या दारावरून जायचं असतं. त्याच्या विनोदाला नाव असतं, तोंड असतं, आणि उत्तर ऐकायची तयारी असते. जाहिरातवाल्याचा विनोद निनावी असतो. निवडणूक झाली की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

आमची चूक

इथवर आम्ही न्यायाधीशासारखे बोललो. आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. याच भागातल्या एका गावाची ग्रामपंचायत निवडणूक होती. आमचा एक विद्यार्थी एका पॅनलचं काम करायचा. घरी आला, म्हणाला, ‘‘सर, भोंग्यावर वाजवायला काहीतरी हसरं लिहून द्या.’’ आम्हाला मौज वाटली. विरोधी पॅनलचा म्होरक्या साधा शेतकरी होता, जेमतेम चौथी शिकलेला. त्या गावच्या बोरिंगला तांबडं पाणी यायचं. हा माणूस कुठल्याही सभेत, कुणीही बोलत असो, मध्येच उठून विचारायचा, ‘‘बोरिंगचा काय जी?’’

आम्ही त्याचंच वाक्य घेतलं. चार ओळी लिहिल्या. बायको माहेरी गेली, बोरिंगचा काय जी. बैलाने शेपटी हलवली, बोरिंगचा काय जी. अशा. त्याच्या बोलीत, त्याच्या हेलात. भोंगा दोन दिवस गावभर फिरला. तिसऱ्या दिवशी तो माणूस सभेत उठला तर त्याने तोंड उघडायच्या आत पोरांनीच ओरडून वाक्य पुरं केलं. सभा हसून लोळली. तो खाली बसला. पुढे निवडणूकही हरला.

महिनाभराने बसस्टँडवर तो आम्हाला भेटला. आम्ही नजर चुकवायला लागलो. तोच जवळ आला, रामराम घातला आणि म्हणाला, ‘‘बेस लिवला जी, सर. मले बी हासू आला.’’ मग थोडा थांबला. ‘‘पर बोरिंगचा काय जी?’’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तत्त्वज्ञानाची पदवी होती, उत्तर नव्हतं. त्या गावात पुढे कितीतरी दिवस बोरिंगचा विषय काढायची सोय राहिली नाही. काढला की लोक हसायचे. पाणी तांबडंच येत राहिलं.

आम्ही त्या माणसाची चेष्टा केली, हे वाईटच. पण त्याहून वाईट हे की आम्ही गावाचा प्रश्न मारला, आणि तोही त्याच्याच बोलीत, आपल्या बोलीत. गॉर्जियासचा सल्ला आम्ही वर्गात टीका करत शिकवला होता आणि बाहेर येऊन वापरला होता.

मग करायचं काय?

हसू नका, असं आम्ही सांगणार नाही. न हसणारा समाज आणीबाणीतला समाज असतो. पुढच्या निवडणुकीत भोंगा येईल, मोबाइलवर चुटका येईल, तेव्हा पोटभर हसा. पण हसून झाल्यावर तीन गोष्टी तपासा. ज्याला हसलो तो आपल्यापेक्षा बलवान की दुबळा? त्याला उत्तर देता येईल अशी सोय या विनोदाने ठेवली आहे का? आणि हसू ओसरल्यावर हातात काय राहिलं, एखादा प्रश्न की नुसतं एक नाव, एक चिन्ह, एक चाल? प्रश्न राहिला असेल तर चुटका खुशाल पुढे पाठवा. नुसती चाल राहिली असेल तर समजा, आपल्याला काहीतरी विकलं गेलं.

एका तरुण मित्राने मघाशी चहाच्या वेळी विचारलं, सर, गंभीर भाषण कुणी ऐकत नाही, मग विनोद केल्याशिवाय आमचा प्रश्न पोहोचणार कसा? रास्त आहे. आमचं उत्तर असं. विनोद जरूर करा, पण प्रश्नाला त्याच्या खांद्यावर बसवा, त्याच्या पायाखाली देऊ नका. मार्कंड्याच्या यात्रेत बाप लेकराला खांद्यावर घेतो, म्हणून गर्दीत लेकराला देऊळ दिसतं. तेवढं काम विनोदाने केलं तरी पुष्कळ.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मधूनमधून हसलातही. बाहेर पडताना आम्हाला प्रश्न विचारा. बोरिंगचाही विचारा.